'निर्मूलन' हा शब्द जपून वापरावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एकाच दिवशी तीन बातम्या शेजारीशेजारी आल्या होत्या. एकीत कुष्ठरोगाचे निर्मूलन अंतिम टप्प्यात आल्याचे म्हटले होते, दुसरीत बाजारपेठेत अतिक्रमण निर्मूलन पथकाने केलेल्या कारवाईचा वृत्तान्त होता आणि तिसरी एका महाविद्यालयातील अंधश्रद्धा निर्मूलनावरच्या व्याख्यानाची होती. तिन्ही मथळ्यांत शब्द एकच होता. अर्थ मात्र तीन वेगवेगळे होते आणि त्यांपैकी एकही त्या शब्दाचा मूळ अर्थ नव्हता. मी आरोग्य खात्यात ३३ वर्षे नोकरी केली. अक्कलकोट, मंगळवेढा आणि सांगोला तालुक्यांतील गावांतून काचपट्टीवर रक्तनमुने घेण्यापासून ते घरोघर गोळ्या वाटण्यापर्यंत सगळी कामे केली, आणि त्या सर्व काळात ज्या शब्दाच्या पाट्यांखाली आम्ही काम करत होतो तो शब्द हाच असल्यामुळे, त्याच्या वापराविषयी काही लिहावेसे वाटते. पत्र लांबले आहे, पण ते शक्यतो पूर्ण छापावे, ही विनंती.

प्रथम हे सांगितले पाहिजे की माझी ही तक्रार केवळ शुद्धलेखनाच्या किंवा व्याकरणाच्या हौसेपोटी नाही. निवृत्तीनंतर मी शहराच्या पूर्व भागात राहतो. माझ्या घराजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात काम करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या एका गृहस्थांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकलेले मला दोन वर्षांपूर्वी दिसले. चौकशी केली तेव्हा कोपराच्या वर फिकट रंगाचा एक चट्टा होता. तो चार वर्षांपासून होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून गजकर्णाचे मलम लावून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. गरम चहाच्या पेल्याने हात पोळला तरी त्यांना कळले नव्हते. कुष्ठरोगाची शंका मनात आली नाही का, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ते रोग तर गेलंय की साहेब. भिंतीवर लिहिलं होतं, पेपरात पण आलं होतं." शासकीय रुग्णालयात त्यांचे निदान झाले, १२ महिन्यांचा बहुविध औषधोपचार मोफत मिळाला आणि रोग बरा झाला, पण मज्जातंतूला झालेली इजा जुनी असल्यामुळे ती दोन बोटे सरळ झाली नाहीत. मागाचा तुटलेला धागा जोडणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटे जाणे म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्या अडाणीपणाला मी दोष देऊ शकत नाही, कारण त्यांनी शब्द वाचला होता आणि त्याचा जो सरळ अर्थ होतो तोच घेतला होता.

हा सरळ अर्थ कोणता? 'मूल' म्हणजे मूळ, आणि 'निर्' म्हणजे काढून टाकलेले, उरलेले नसलेले. ज्याचे मूळच राहिले नाही ते निर्मूल. तसे करणे म्हणजे निर्मूलन. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात कुंदा हे तण किती खोल जाते हे ज्याने पाहिले आहे त्याला खुरपणे आणि मुळासकट काढणे यांतील अंतर पाठ असते. माझे वडील म्हणत की खुरप्याने कुंदा दिसेनासा होतो आणि पहारीने तो जातो, तोही एक कांडे रानात राहिले नाही तरच. हरळीचे आणि लव्हाळ्याचे तेच. उन्हाळ्यात माणसे लावून कमरेइतके खणायचे, एकेक मुळी वेचून बांधावर वाळत घालायची आणि तरीही पुढची दोन पावसाळी रानावर नजर ठेवायची, असा तो उद्योग असे. खुरपणीला कोणी निर्मूलन म्हणत नसे, आणि खुरपणीला त्यामुळे कमीपणाही येत नसे; पीक पदरात पडायचे ते खुरपणीनेच.

इंग्रजीत या दोन कामांना दोन शब्द आहेत. 'इरॅडिकेशन' हा शब्द लॅटिनमधील मूळ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, म्हणजे तो आपल्या निर्मूलनाचा सख्खा भाऊ आहे. 'एलिमिनेशन' हा शब्द मात्र लॅटिनमधील उंबरठा या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ उंबरठ्याबाहेर काढणे एवढाच आहे. उंबरठ्याबाहेर काढलेला माणूस परत येऊ शकतो, म्हणून दाराला कडी लावावी लागते आणि कोणाला तरी दाराशी बसावे लागते. मुळासकट उपटलेल्या झाडाची अशी राखण करावी लागत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या शास्त्राने नेमका हाच फरक धरून ठेवला आहे. १९९७ मध्ये बर्लिनच्या डाहलेम येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत या पायऱ्या निश्चित केल्या गेल्या. रोग सहन करता येईल इतका कमी करणे म्हणजे नियंत्रण. एखाद्या प्रदेशातून तो रोग, किंवा त्याचा संसर्ग, शून्यावर आणणे पण प्रतिबंधाचे काम चालूच ठेवावे लागणे म्हणजे एलिमिनेशन. साऱ्या जगातून संसर्ग कायमचा शून्य होणे आणि प्रतिबंधाचे काम थांबवता येणे म्हणजे इरॅडिकेशन. आणि तो जंतू निसर्गात काय, प्रयोगशाळेतही न उरणे ही शेवटची पायरी, जिला आपल्या भाषेत निर्वंश म्हणता येईल. यांतील तिसऱ्या पायरीला निर्मूलन म्हणावे, यात शंका नाही. अडचण अशी झाली की दुसऱ्या पायरीलाही आपण तेच म्हणू लागलो.

माणसाच्या रोगांपैकी खरे निर्मूलन आजवर एकाच रोगाचे झाले आहे, आणि तो म्हणजे देवी. माझ्या पिढीने तो शेवट पाहिला आहे. 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' अशी गावोगावच्या भिंतींवर रंगवलेली अक्षरे मला अजून आठवतात. आपल्या देशातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला, जगातील नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर लस टोचणे थांबले. आमच्या हातांवर देवीच्या लसीचे वण आहेत आणि आमच्या नातवंडांच्या हातांवर ते नाहीत, ही त्या शब्दाची खरी खूण आहे. विषाणूचे नमुने मात्र अमेरिका आणि रशिया येथील दोन प्रयोगशाळांत आजही कडेकोट बंदोबस्तात ठेवलेले आहेत, म्हणजे निर्मूलन झाले असले तरी निर्वंश झालेला नाही. दुसरे उदाहरण जनावरांच्या रोगाचे आहे. बुळकांड्याने गोठेच्या गोठे रिकामे होत असत. ज्या जिल्ह्यात खिलार बैल हे शेतकऱ्याचे वैभव मानले जाते तिथे त्या नावाची धास्ती म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून सापडते. २०११ मध्ये बुळकांड्याचे जगातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. या शब्दावर पूर्ण हक्क आजपर्यंत या दोनच रोगांच्या बाबतीत सांगता येतो.

आता कुष्ठरोगाकडे येतो, कारण माझ्या पत्राचे खरे कारण तोच आहे. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने जे उद्दिष्ट ठरवले ते 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' कुष्ठरोगाचे दूरीकरण, म्हणजे एलिमिनेशन, हे होते, आणि त्याची कसोटी दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, अशी होती. डाहलेमच्या व्याख्येतील शून्यही इथे अपेक्षित नव्हते. आपल्या देशाने राष्ट्रीय पातळीवर ही कसोटी डिसेंबर २००५ मध्ये पार केली. ते यश मोठे होते. त्यामागे हजारो कर्मचाऱ्यांचे पाय झिजले होते आणि त्यांत माझेही दोन होते. परंतु 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून' हे चार शब्द मराठी फलकावर मावले नाहीत आणि उरला तो एकटा 'निर्मूलन'. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. त्या कसोटीने जिल्ह्यात एका वेळी ४३१ कुष्ठरुग्ण उपचाराखाली असले तरी जिल्ह्यात निर्मूलन झाले, असेच कागदावर म्हणता येते. ४३१ माणसे असलेल्या वस्तीला आपण वाडी म्हणतो. तिला कोणी ओसाड म्हणत नाही.

शिवाय हा आकडा कसा निघतो तेही वाचकांना कळले पाहिजे. त्यात केवळ उपचार चालू असलेले रुग्ण मोजले जातात. उपचार संपला की नाव नोंदवहीतून निघते, बोटे वाकलेली राहिली तरी निघते. सांसर्गिक प्रकारच्या रुग्णाचा उपचार पूर्वी २४ महिन्यांचा होता, तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस १२ महिन्यांचा झाला. औषधशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच होते, पण त्याचा हिशेबावर परिणाम असा झाला की वर्षाला तेवढेच नवे रुग्ण सापडत असले तरी त्या प्रकारच्या रुग्णांची एका वेळची संख्या जवळजवळ निम्मी दिसू लागली. रोग किती पसरतो आहे हे कळण्यासाठी नवे रुग्ण किती, त्यांत मुले किती आणि निदानाच्या वेळीच व्यंग आलेले किती, हे पाहावे लागते. देशात आजही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे कुष्ठरुग्ण सापडतात आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशातले असतात. या रोगाची लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. म्हणजे आज दिसणारा चट्टा हा काही वर्षांपूर्वीच्या निष्काळजीपणाचा असतो आणि आजच्या निष्काळजीपणाचा चट्टा पुढे दिसणार असतो. अशा रोगाबाबत घाईने उच्चारलेला शब्द फार दूरवर नुकसान करतो. २००५ नंतर कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली, घरोघरचे सर्वेक्षण मंदावले आणि अनेक वर्षांनी पुन्हा शोध मोहिमा सुरू कराव्या लागल्या. हा सगळा दोष एका शब्दाचा होता, असे मी म्हणणार नाही. पण गावात गेल्यावर सरपंचापासून शिक्षकापर्यंत सगळे 'तो रोग आता राहिला नाही ना?' असे विचारत, तेव्हा तो शब्द आमच्या आधी गावात पोहोचलेला असे, हे मी अनुभवाने सांगतो.

हीच मोजपट्टी क्षयरोगाला लावली तर काय होते ते पाहावे. तिथे जागतिक पातळीवरची कसोटी वर्षाला दर १० लाख लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण, अशी आहे. म्हणजे साऱ्या सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात फार तर चार. हिवतापाची कसोटी याहूनही कडक आहे. तिथे स्थानिक लागणीचा एकही रुग्ण सलग तीन वर्षे नसावा लागतो. हत्तीरोगात रक्तात जंतू आढळणाऱ्यांचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली येणे ही पहिली पायरी मानली जाते. हे जंतू रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून आम्ही रात्री साडेआठनंतर बॅटरी घेऊन दारोदार जात असू, आणि झोपमोड झालेल्या घरातल्या बायाबापड्या बोट पुढे करण्याआधी 'हा रोग अजून आहे का?' असेच विचारत. एका रोगात ४३१, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात शून्य आणि चौथ्यात शंभरामागे एक, आणि चारही ठिकाणी मथळा एकच, तर वाचकाने त्यातून काय समजावे?

हिवतापाची कथा तर या शब्दाच्या अतिवापराचा धडाच आहे. देशात १९५३ मध्ये जो कार्यक्रम सुरू झाला त्याच्या नावात नियंत्रण होते. डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीने रुग्ण झपाट्याने घटू लागले, तेव्हा १९५८ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय हिवताप निर्मूलन कार्यक्रम असे झाले. १९६१ मध्ये देशातील रुग्णसंख्या ५० हजारांच्या आसपास आली होती आणि सगळ्यांना शेवट दिसू लागला होता. मग डासांना डीडीटी पचू लागले, काही भागांत जंतूंना क्लोरोक्विन हे औषध पचू लागले, शहरांतील डासांकडे लक्ष अपुरे पडले, लोक फवारणीला कंटाळले आणि संपत आलेल्या रोगावर खर्च कशाला, असेही वाटू लागले. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातून हिवताप निर्मूलनाचे धोरण सोडून दिले आणि १९७६ मध्ये आपल्या देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. निर्मूलनाची पाटी मात्र १९९९ पर्यंत तशीच होती. त्यानंतर तिच्या जागी 'विरोधी' हा शब्द आला, पुढे पुन्हा 'नियंत्रण' आला, आणि आता २०३० पर्यंत दूरीकरणाचे उद्दिष्ट आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा निर्मूलन कार्यक्रमाच्या पाटीखाली बसून तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने मोजत असे. वरची पाटी आणि खालची नोंदवही यांतील ते अंतर मला तेव्हाही खुपत असे.

पोलिओच्या बाबतीत हा गोंधळ दरवर्षी लसीकरणाच्या केंद्रावर पाहायला मिळतो. देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला, म्हणजे त्यातील आपल्या देशालाही, पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर अनेक आया विचारू लागल्या की पोलिओचे निर्मूलन झाले आहे तर मग बाळाला डोस कशासाठी? प्रश्न तर्काला धरून आहे. निर्मूलन झाले असते तर डोसाची गरज उरली नसती. विषाणूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचे जगातून निर्मूलन झाले आहे, पहिला प्रकार पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अजून शिल्लक आहे, आणि आपण त्याला केवळ उंबरठ्याबाहेर ठेवले आहे. हे त्या आईला दोन वाक्यांत सांगता येते, पण आधी 'निर्मूलन' हा शब्द तिच्या मनातून काढावा लागतो. पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या नारू या कृमिरोगाचेही तसेच आहे. जुलै १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण नाही आणि २००० मध्ये तसे प्रमाणपत्र मिळाले. ना लस, ना औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करून आणि पाणी फडक्याने गाळून हा रोग आपण घालवला, याचा मला फार अभिमान वाटतो. आफ्रिकेतील थोड्या देशांत अजून वर्षाला वीसहून कमी माणसांना तो होतो, म्हणून शास्त्राच्या भाषेत आपलेही दूरीकरणच ठरते.

धनुर्वाताचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २०१५ मध्ये देशात माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे एलिमिनेशन झाल्याचे मान्य झाले. त्याची कसोटी प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण अशी आहे. मराठीत याची बातमी 'धनुर्वाताचे निर्मूलन' अशी झाली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि मातीतच राहणार आहेत; माणसाने कितीही प्रयत्न केला तरी त्यांचे मूळ काढता येणार नाही. ज्या रोगाचे मूळ मातीत आहे आणि कायम राहणार आहे, त्याला निर्मूलन हा शब्द लावणे म्हणजे त्या शब्दाचा अर्थच पुसणे होय. गरोदर बाईला इंजेक्शन चुकले तर तो रोग उद्याही येईल.

आरोग्याबाहेरच्या वापराकडे थोडक्यात येतो. झोपडपट्टीविषयीच्या १९७१ च्या राज्य कायद्याच्या नावात सुधारणा, निर्मूलन आणि पुनर्विकास असे शब्द आहेत. तेथील निर्मूलन हे जागा मोकळी करणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे भाषांतर आहे. अतिक्रमण निर्मूलनातही जागा मोकळी होते एवढेच. सकाळी उचललेल्या हातगाड्या संध्याकाळी परत लागतात, कारण हातगाडीचे मूळ रस्त्यात नसून पोटात आहे, आणि विक्रेत्याला ठरलेली जागा देण्याची तरतूद २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात असताना तिच्याकडे वळल्याशिवाय त्या मुळाला हातही लागत नाही. 'अतिक्रमण हटवले' हे साधे मराठी तिथे पुरेसे आहे. शिवाय माणसांच्या आणि त्यांच्या घरांच्या बाबतीत, रोग आणि तण यांच्यासाठी वापरला जाणारा शब्द वापरताना मन थोडे कचरावे, असे मला वाटते. संयुक्त राष्ट्रांचे १७ ऑक्टोबर आणि २५ नोव्हेंबर हे दोन दिवस पाहावेत. पहिला दारिद्र्याच्या इरॅडिकेशनचा आणि दुसरा स्त्रियांवरील हिंसाचाराच्या एलिमिनेशनचा आहे. मराठीत दोन्ही निर्मूलन दिन झाले आहेत.

'उच्चाटन' हा शब्द याच संदर्भात विचार करण्यासारखा आहे. उच्चाटन म्हणजे जागेवरून उठवून पळवून लावणे. तो शब्द मुळात मंत्रतंत्राच्या परंपरेतला आहे. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण या षट्कर्मांपैकी तो एक. नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये जो कायदा केला त्याच्या अधिकृत मराठी नावात 'समूळ उच्चाटन' असे शब्द आहेत. कायदा लिहिणाऱ्यांना नुसते उच्चाटन अपुरे वाटले असावे, कारण उच्चाटनात मूळ येत नाही. म्हणून त्यांनी 'समूळ' जोडले आणि अर्थ पूर्ण केला. हे मला काळजीपूर्वक केलेले शब्दकाम वाटते. याउलट वृत्तपत्रांत वारंवार दिसणारे 'समूळ निर्मूलन' हे मुळाचा दोनदा उल्लेख करणारे आहे आणि टाळता येण्यासारखे आहे. आपल्या शहरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घराघरांत बोलली जाते, आणि या दोन्ही भाषांत हाच शब्द निर्मूलने आणि निर्मूलन या रूपांत रुळलेला आहे, म्हणजे एकदा चुकीचा अर्थ चिकटला की तो तीन भाषांतून फिरतो.

एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःलाही विचारला आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने आपल्या नावात हा शब्द घेतला तेव्हा अंधश्रद्धा संपली असा दावा कोणी केला नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. त्या २४ वर्षांत आणि नंतरही तो शब्द त्या कार्यकर्त्यांना दिशा दाखवत आला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांतून आलेल्या जातिनिर्मूलन या शब्दाचेही तसेच आहे. तिथे 'दूरीकरण' किंवा 'नियंत्रण' म्हणणे हा त्या विचाराचा अपमानच ठरेल. जातीचे नियंत्रण करायचे नाही, तिचे मूळच खणायचे आहे. संकल्प म्हणून निर्मूलन हा शब्द योग्य आहे आणि तो तसाच राहावा. माझी हरकत आहे ती 'झाले' या क्रियापदाला. 'निर्मूलनासाठी' असे म्हणणारा माणूस काय करायचे आहे ते सांगतो. 'निर्मूलन झाले' असे म्हणणारा काय घडले ते सांगतो, आणि घडलेल्या गोष्टीला पुरावा लागतो.

मराठीला शब्दांची वानवा आहे म्हणून हे होते असेही नाही. दहावीच्या बीजगणितात समीकरणातून एक चल काढून टाकायचे असते तेव्हा आपण त्या चलाचा लोप करतो. शरीर नको ती द्रव्ये बाहेर टाकते त्याला उत्सर्जन म्हणतो. स्पर्धेत खेळाडू बाद होतो. गुन्हेगाराला जिल्ह्याबाहेर काढतात तेव्हा तो हद्दपार किंवा तडीपार होतो. इंग्रजीत या बहुतेक ठिकाणी एलिमिनेशन हा एकच शब्द चालतो, आणि मराठीने प्रत्येकाला आपापला शब्द दिला आहे. बंडाचा बीमोड होतो, किडीचा नायनाट होतो, भ्रष्टाचाराची पाळेमुळे खणली जातात. रोगाबाबतही क्षयरोग आणि हत्तीरोग यांच्या शासकीय कागदपत्रांत 'दूरीकरण' हा शब्द आज वापरात आहे आणि तो अचूक आहे. दूर केलेली गोष्ट कुठेतरी असते, हे तो शब्द सांगतो. बोलायला तो थोडा जड वाटत असेल तर 'हद्दपार' आहेच. मथळ्यात तो छान बसतो, उंबरठ्याची आठवण राखतो आणि हद्दीवर पहारा लागतो हेही सुचवतो.

म्हणून आपणास विनंती आहे की आपल्या वार्ताहरांनी आणि उपसंपादकांनी रोगासंबंधीच्या बातमीत 'निर्मूलन झाले' असे लिहिण्यापूर्वी संबंधितांना दोन प्रश्न विचारावेत. कसोटी कोणती धरली आहे आणि तिच्याप्रमाणे जिल्ह्यात किती रुग्ण असू शकतात, हा पहिला प्रश्न. आता कोणते काम थांबवता येणार आहे, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर 'कोणतेही नाही' असे आले तर शब्द दूरीकरण हाच वापरावा. आणि कुष्ठरोगाच्या बातमीखाली, जागा कितीही कमी असली तरी, चौकटीत एवढे छापावे: अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा बोटे वाकू लागली असतील, तर जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात दाखवावे, औषध सहा किंवा बारा महिन्यांचे असते आणि ते मोफत मिळते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेवक, सोलापूर